आवाज चालतो का?

दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे एक काकू होत्या. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"ह्यांचा आहे. हे गेल्यापासून पडूनच होता. यावर विंडोजऐवजी ते लिनक्स चालेल का, तेवढं बघा."

"आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघतो, काकू. आतल्या कशालाही धक्का लागत नाही," दुकानदार म्हणाला.

"माझ्या दिरांनी काल तसंच करून बघितलं. सगळं चालतंय म्हणाले, पण आवाजाचं काही त्यांना जमेना."

"वायफाय लागलं. कॅमेराही लागला. आणि हा ऐका, आवाज आला."

"आला ना? जीव भांड्यात पडला बाई."

"आता आतलंच काहीतरी लावून बघू... काकू, यात तर काहीच नाहीये."

"असं कसं? ह्यांनी म्हटलेली गाणी आहेत. बेसूर आहेत, पण आहेत."

"काल दिरांनी 'वापरून पाहा'ऐवजी 'इन्स्टॉल करा' दाबलेलं दिसतंय. लिनक्स बसलं, पण जुनं सगळं पुसलं गेलं. गाणी दुसरीकडे कुठे ठेवली होती का?"

"दुसरीकडे कशाला ठेवतील? घरातच तर असायचे."

"मग अवघड आहे, काकू."

"पण आवाज चालतो म्हणालात ना?"

"चालतो."

"मग लावा ना ह्यांचा."