इशिताचं पडणं

आखातातल्या खलिफा सिटीत एका शाळेच्या हॉलबाहेर नाचाच्या कार्यक्रमासाठी रांग होती. प्रल्हादच्या पुढे नुकतेच रत्नागिरीहून आलेले एक आजोबा उभे होते आणि त्यांना तंबी द्यायला त्यांची नात इशिता स्टेजमागून अनवाणीच पळत आली होती. प्रल्हादने कान टवकारले.

“आजोबा, आज मी पडले तरी स्टेजवर यायचं नाही. प्रॉमिस?”

“काल रंगीत तालमीत तू धाडकन आपटलीस. मी काय टाळ्या वाजवायच्या?”

“येस! तो अमेरिकन मॉडर्न डान्स आहे. आधी सगळे बॅलेचे बूट घालून चवड्यांवर नाचायचे. मग तिथल्या बायकांनी बूट फेकून दिले, मग त्या जमिनीवर आल्या.”

“म्हणजे सुधारणा वरून खाली झाली.”

“आजोबा, सीरियसली! आज परत कुणी मला उचलायला आलं तर खलास. टीचर मला ग्रुपमधून काढणार.”

“नाही येत गो बाय. पण खरोखरच पडलीस तर मला कळणार कसं?”

इशिता गोंधळली. प्रल्हादही.

“खरंच पडले तर... लाजून लगेच उठेन.”

“आणि नाचातलं पडणं असेल तर?”

“पडून राहीन.”

“बरं. म्हणजे पडून राहिलीस तर बसून राहायचं, आणि उठलीस की धावत यायचं.”