झेनाइदेबाईंची सही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या नावाडी सहकारी संस्थेचे प्रमुख माननीय क्लोदोआल्दोसाहेब, मंचावर बसलेल्या सत्कारमूर्ती झेनाइदेबाई, पहिल्या रांगेत कुबड्या मांडीवर घेऊन बसलेले बेन्विंदोकाका, आणि केकवर डोळा ठेवून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी रोनिएल्सन. ओळख करून द्यायची गरज नाही. इथल्या निम्म्या लोकांच्या कॉफीत मी कधी ना कधी मीठ घातलेलं आहे. अध्यक्षांनी काल मला बोलावून सांगितलं, वातावरण जड आहे, तू दोन विनोद कर आणि खाली बस. साहेब, मी एकच आणलाय, आणि तोही धड नाही.

बाईंनी मला कामावर घेतलं तेव्हा मी शाळा अर्धी सोडून बाजारात मोबाइल दुरुस्त करत होतो. त्यांनी विचारलं, तुला काय येतं? मी म्हटलं, बंद पाडता येतं. त्यांना नेमका तसाच माणूस हवा होता. नियंत्रण खोलीतला तो नदीचा नकाशा, ज्याच्यावर आपल्या सगळ्या बोटी ठिपक्यांसारख्या सरकतात, तो बाईंनी लिहिलेला. पडद्यावर तो रंगवतं ग्राफिक्स कार्ड. एखाद्या प्रोग्रामनं कार्डाला न संपणारं काम दिलं की ते अडकतं. मग त्याच्यावरचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड हाकणारा प्रोग्राम, जरा वाट बघतो आणि कार्डाला झोपवून पुन्हा उठवतो. माझं काम काय, तर कार्ड मुद्दाम अडकवायचं आणि नकाशा त्यातून सावरतो का ते बघायचं. खोड्या काढायचा पगार! असं नशीब कुणाचं असतं?

टाकाका सुपाच्या गाडीवर, गरम वाडगा हातात धरून बाईंनी मला एकदा समजावलं होतं. कार्ड उठलं की त्याच्यावरच्या सगळ्या प्रोग्रामांची पाटी पुसलेली असते. ड्रायव्हरला विचारलं की तो प्रत्येक प्रोग्रामला सांगतो, कार्ड अडकवणारा दोषी तू का तू निर्दोष. दोषी असशील तर तेच काम पुन्हा कार्डाच्या गळ्यात मारू नकोस. पण निर्दोष असलास तरी तुझंही घर जळालंय, सगळं नव्यानं मांड. आणि मांडून होईपर्यंत पडदा काळा ठेव. काळा पडदा दिसला की माणूस उठून नदीकडे बघतो.

मी मान हलवली. माझं लक्ष वाडग्यातल्या कोळंबीकडे होतं.

कार्ड उठल्यावर नकाशानं काय करायचं, तो भाग लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, दोषी असेल तर सगळं टाकून नव्यानं सुरू कर. निर्दोष असेल तर चालू ठेव. निर्दोषाला कशाला शिक्षा? मला ते फार न्यायाचं वाटलं. तपासताना मी नकाशाला फक्त दोषी करून बघितलं, कारण त्यात मजा होती. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे, नवख्यानं लिहिलेलं मोठ्याच्या सहीशिवाय बाहेर जात नाही. बाईंनी सही करताना विचारलं, "दोन्ही तपासलंस ना?" मी म्हटलं, दोन्ही.

नाही, बाई मला खाली बसायची खूण करतायत. दोन मिनिटं, बाई.

साओ जुआंवच्या सणाला मी नियंत्रण खोलीतल्या त्याच मशीनवर एक गंमत टाकली, वेगळा छोटा प्रोग्राम. नकाशाच्या कोपऱ्यात सणाची होळी पेटते, ठिणग्या उडतात. बाईंना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून. ठिणग्या कुठे थांबायच्या ते लिहायला मी विसरलो. दुपारी तीनला होळी पेटली, सगळे हसले, आणि पडदा अडकला. मग एकदा लुकलुकला आणि नकाशा परत आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

तो नकाशा परत आलाच नव्हता. ते तीन वाजताचं चित्र होतं. ड्रायव्हरनं नकाशाला सांगितलं, तू निर्दोष. आणि माझ्या ओळीनं सांगितलं, चालू ठेव. पुसलेल्या पाटीवर नकाशा लिहीत राहिला आणि पडद्यावर जुनंच चित्र थिजून राहिलं. त्याच्या कोपऱ्यातलं घड्याळही थांबलं होतं, पण भिंतीवर घड्याळ असताना ते कोण बघतं? एकोणीस मिनिटं. त्यात बेन्विंदोकाकांनी आपल्या बोटीवरून रेडिओवर विचारलं, वाट मोकळी आहे का? पाळीवरच्या ताईंनी नकाशा बघितला आणि सांगितलं, मोकळी आहे. तिथं सोयाबीननं भरलेला मोठा तराफा होता, बोट त्याच्यावर आदळली. अकरा माणसं पोहून काठाला लागली. काकांचा पाय बोटीत अडकून राहिला.

त्याच दिवशी बाईंनी मशीनची नोंद काढली. दोषी म्हणून माझ्या होळीचं नाव होतं. मला धक्क्यावर बोलावून म्हणाल्या, "सही माझी आहे. तू बावीस वर्षांचा आहेस, गप्प बस." ओळ त्यांनी स्वतः दुरुस्त केली. चौकशीत त्यांना विचारलं, तेव्हाही त्या एवढंच बोलल्या, की सही माझी आहे.

आणि मी गप्प बसलो. एकतीस दिवस. खरं सांगतो, पहिले काही दिवस मला बरं वाटलं गप्प बसून. नंतर जेवण जाईना. काकांना भेटायला दवाखान्यात गेलो, तर ते मलाच म्हणाले, तू का रे वाळलास? मी विनोद केला. काय केला ते आता आठवत नाही.

(बाई म्हणतायत, "बस खाली, पोरा." आणि काका काय म्हणाले ते मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून मी सांगतो. काका म्हणाले, "बोलू दे त्याला. पाय माझा आहे.")

साहेब, तुमच्या समोरच्या फुलांखाली जो चौकशीचा अहवाल आहे, त्यात लिहिलंय की झेनाइदेबाईंचा निष्काळजीपणा, आणि यापुढे त्यांचं काहीही या नदीवर वापरू नये. केक कापून झाला की तुम्ही सही करणार आणि संध्याकाळच्या लाँचनं तो बेलेमच्या बंदर कचेरीत जाणार. सव्वीस वर्षं या बाईंनी आपल्या बोटी एकमेकींपासून लांब ठेवल्या. त्यांचं चुकलं काय? माझ्या तोंडावर विश्वास ठेवला, एवढंच. मशीनसुद्धा कोण दोषी ते नाव घेऊन सांगतं हो. आपण माणसं असून शाल घालतो, फुलं देतो आणि निर्दोष बाईला नदीवरून काढून टाकतो. मी पाया पडतो, ती सही करू नका.

आपण मला ऐकून घेतलंत, आभार. असं भाषण संपवताना काही चुकलं असेल तर पोटात घाला म्हणायची रीत आहे. कृपा करून घालू नका. लिहा. रोनिएल्सन कार्दोझो दा मोता. पेन काढा साहेब, मी सावकाश सांगतो.