गिरजाघराचा याकोब मिस्त्री

सरका रे जवळ. शेकोटीत लाकूड टाका अन् आयका. मधात कोणी हसायचं नाही. ए भुऱ्या, तुलेच सांगून राहिलो!

आपलं दगडी गिरजाघर कोणी बांधलं? खाणीच्या साहेबानं? हट्! साहेबानं नुसती जागा दाखवली. बांधलं खाणीतल्या माणसायनं. पाळी सुटली का जो तो वर येताना खाणीतला एक दगड डोक्यावर आणे. गोंड, तेलंगी, मुसलमान, सारे! अन् याकोब मिस्त्री तो भिंतीत बसवे. कोणी रिकाम्या हातानं दिसला का असा शिव्या घाले! पण मायेचा माणूस. मनोरा अर्धा असतानाच तापानं गेला बिचारा. मनोरा तसाच राहिला, पाहता न तुमी?

तर एका राती खाणीतला मंगरू मडावी गिरजाघराच्या वाटेनं निघाला. घरी बायको अडली होती. सांजेपासून कळा, जीव राहते का जाते! दाई सकीनाबी गिरजाघराच्या पल्याड राहे. अन् आपल्या वस्तीची रीत माहीत हाय न? दाईले आणायले जाणाऱ्यानं वाटेत तोंड उघडायचं नाही. मंगरू ओठ दाबून धावून राहिला.

गिरजाघरापाशी मागून आवाज आला, "रिकाम्या हातानं चालला काय बे?"

मंगरू गप्प. डोक्यावर धप्पकन दगड! कोणी ठेवला? कोणीच नाही! धावला. पाहतो तं पुन्हा गिरजाघराचंच दार. पुन्हा धावला. पुन्हा तेच दार! दगडावर दगड चढला. मान मोडायले आली, गुडघे टेकले. अन् समोर मिस्त्री! हातात थापी, अंगभर चुना, डोळ्याच्या जागी नुसता अंधार.

"उचल. मनोरा बाकी हाय."

तिकडे बायको तडफडून राहिली. गेली खड्ड्यात रीत! मंगरू रडतच ओरडला, "मिस्त्रीबावा, बायको मरते माझी! दाईले आणू दे!"

मिस्त्री थबकला. "मंग आधी सांगता येत नाही, गधड्या?"

ओझं गायब! अन् वर अर्ध्या मनोऱ्यातली घंटा! ठण ठण ठण! राती दोर काढून ठेवलेली घंटा, बापा! अवेळी घंटा म्हणजे खाण ढासळली, असंच सारे समजत. सारी वस्ती जागी. सकीनाबी तं पदर खोचून दारातच उभी. दोघं धावले. पोरगी झाली, माय वाचली. मंगरूनं पोरीचं नाव ठेवलं याकोबाई.

हसू नका! मले तं त्या मिस्त्रीची लई कीव येते. एकटा जीव, किती दगड वाहील?

पण राती त्या वाटेनं जाऊ नका, सांगून ठेवतो. मंगरूची बायको अडली होती म्हणून सोडलं त्यानं. तुमी काय सांगसान? सिनेमा पाहाले चाललो म्हणून?