कार्डावरचा टिळा

अजी महादेवराव, हात नका लावू, प्लास्टिकच्या पिशवीतूनच पहा — तुमचे हात स्वच्छच आहेत, तिवस्याहून आलेल्या पाहुण्याले मी असं म्हणीन काय — पण हे कार्ड लय नाजूक. आमच्या जीवनचं, खलाशाचं. ह्या सोनेरी चौकोनात त्याच्या बोटांचे ठसे आहेत. बंदराच्या फाटकावरची मशीन ते वाचते, मगच पोट्टा जहाजापर्यंत जाते. तुमची पोरगी आरती म्हणे विचारत होती, मुलगा खरंच जहाजावर असते का वरूडच्या मंडीत संत्री निवडते? घ्या, फोटोसहित पुरावा. तो राजापेठेच्या बाजारात बॅग घ्यायले गेला. परवा त्याले जहाज पकडायचं आहे. ह्यावेळी फाटकावर अडला तर कंपनी नाव कापते —

ह्यावेळी म्हणजे? तुमचे कानही तिखट आहेत बाप्पा. हे दुसरं कार्ड. पहिलं खराब झालं, पाण्यानं. समुद्र म्हटला की पाणी आलंच... आता सोयरीक जोडायची तर लपवायचं कायले — पोट्टा समुद्रापर्यंत पोचलाच नव्हता. आमच्यात कसं, नवी वस्तू आली की पूजा. ट्रॅक्टर असो, फ्रीज असो, वजनकाटा असो. तसं कार्डही देव्हाऱ्यात ठेवलं. माणिकबाईनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, ओलं कुंकू वाहिलं, नेमकं सोनेरी चौकोनावर. वर पेढा. मी म्हटलं, चार लोकांले दिसलं पाहिजे. लिंबू-मिरचीसंगं दुकानात टांगलं. अख्खी मंडी पाहून गेली. मग जीवन गेला बंदरावर. तिथं स्फोटकं हुंगणारा कुत्रा असते. पण कुत्राही जीवच ना — खव्याचा वास आला, जीवनपुढं बूड टेकून बसला. तो बसला म्हणजे माल सापडला, असा तिथला कायदा. बंदूकवाले धावले. जीवन सांगून राहिला, साहेब, पेढा आहे. ते म्हणे, कुठं आहे पेढा? पेढा तर आमी इथं खाल्ला होता. मग कार्ड मशीनमध्ये घातलं तर मशीनचा दिवा लाल, चौकोनात कुंकू शिरलेलं. कुत्रा म्हणे हा धोका आहे, मशीन म्हणे हा माणूसच नाही. तिकडं जहाजानं भोंगा दिला अन् गेलं. तेव्हापासून पोट्टा इथंच संत्री निवडून राहिला — म्हणजे, आरती म्हणे ते थोडंसं खरंच आहे.

हसून राहिले? हसा. काय म्हणता — पसंत? इतकं खरं बोलणाऱ्या घरात पोरगी द्यायची? अवं, ऐकलं काय, महादेवराव हो म्हणाले, ताट आण. टिळा? हो, टिळ्याशिवाय पक्कं कसं होईल, पण मुलगा घरी नाही ना. संध्याकाळपर्यंत थांबा. मुहूर्त टळते? फोटोले लावता? भिंतीवर त्याचा दहावीतला आहे — मिशी नसलेला चालत नाही? मग कोणता... अजी, हा कार्डावरचा? नाही — नाही म्हणजे, नाही कसं म्हणू, टिळ्याले नाही म्हणणं म्हणजे पोरीलेच नाही म्हणणं. पिशवीवरून लावा. तेही चालत नाही. बरं. थेंबभर. कपाळावरच, खाली चौकोन आहे, जरा सांभाळून —

महादेवराव. अंगठा चौकोनावर.

असू द्या. शुभ झालं. अवं, पाहुण्यांचं तोंड गोड कर, पेढा —

नको. पेढा नको आणू.