झिजलेली सुई

विवाह नोंदणीच्या रांगेत पुढच्या पिकल्या केसांच्या जोडप्याचं बोलणं ऐकता ऐकता मागची नवरी होणाऱ्या नवऱ्याशी चाललेलं भांडण विसरली.

“काय रेघ उमटली हो, अगदी केसासारखी! माझा जुना एअरब्रश पुन्हा रंग फवारायला लागला!” पुढचा नवरदेव म्हणाला.

“माझ्या सुईमुळे.”

“भंगारबाजार पालथे घातले मी. नवी सुई घातली की ब्रश नुसता रंग थुंकायचा. तुमची झिजलेली मात्र चपखल बसली.”

“तेव्हाच विकली असती, तर तुम्ही पुन्हा फिरकला नसता.”

“म्हणून आता आंदण दिलीत?”

“तुमचा लेक काय म्हणाला?”

“म्हणाला, बाबा, एवढ्याशा सुईसाठी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे खेटे घातलेत?”

“मग?”

“म्हटलं, सुई मी पहिल्या दिवशीच मागितली होती. नंतर एकदाही नाही.”