ह्यो तवा कांतानं निवडला

मी मूळचा पालम तालुक्यातला. बाप शिवनकाम करायचा, मीबी तेच शिकलो, दुसरं काई येतच नव्हतं तर काय करता. पालमच्या बाजारात घर हाय, तिथंच ओसरीवर माझी मशीन हाय, ब्लाउज, परकर, शाळेचे कपडे, जे येईल ते शिवतो. बायको कांता, पोखर्णीची, नरसिंहाच्या गावची. लगीन झालं तवापासून मशीन माझी आन् रांधनं तिचं. तिच्या हातचं धिरडं असं का, कडा जाळीदार आन् मधी लुसलुशीत. पावने धिरड्यासाठी मुक्काम वाढवायचे, खोटं न्हाई सांगायलो.

आन् मंग काय सांगू तुमाला, गेल्या साली सकाळच्या पाऱ्यात तिच्या अंगावरून वारं गेलं. तवा धुवून गॅसवर ठिवायली होती, तसाच हातातून सुटला आन् फरशीवर पडून फुटला, बिडाचा होता ना, बीड पडलं का फुटतंय, आन् त्याच्यासंगं तीबी खाली. शेजाऱ्याच्या गाडीत घालून परभनीला दवाखान्यात नेली. जीव वाचला. पन उजवा हात लुळा पडला, आन् बोलनं गेलं. समजायचं सगळं, पन बोलायला गेली का शब्द येईना, नुसतं डोळ्याला पानी. डॉक्टर म्हनले, येईल हळूहळू, पन तिला नुसतं पडू देऊ नका, कामात घाला.

घरी आनली. लेक सविता आली, राहिली, पन तिलाबी तिचं घर हाय, किती राहील. ती गेल्यावर मी रांधायलो. शेजारीन भाजी द्यायची, कांता दोन घास खायची आन् तोंड फिरवायची. वाळून काडी झाली. मला वाटलं धिरडं केलं तर खाईल. सविता फोनवर म्हनली, बाबा, तुमाला जमंल असा न चिकटनारा तवा घ्या. आठवडी बाजारात सस्तातला घेतला, त्याच्यावर लोखंडी उलथनं चालवलं, मला काय ठाव, आन् काळे पापुद्रे निघून धिरड्याला चिकटले. कांतानं एक पापुद्रा बोटानं उचलला, मला दाखवला आन् ताट सरकवलं. मंग स्टीलचा पातळ आनला, त्यो मधी जाळायचा आन् कडंला कच्चं ठिवायचा. लय परेशान झालो. धिरड्याचं दुःख नव्हतं हो, ती माझ्यादेखत चालली हे दुःख.

हाताच्या व्यायामाला तिला एस्टीनं परभनीला न्यायचो. एका दिशी दवाखान्यातून ऑटोनं स्टँडकडं यायलो, तर तिनं माझी बाही ओढली आन् डाव्या हातानं भांड्याच्या दुकानाकडं बोट केलं. उतरलाव. दुकानदारानं स्टूल दिलं तिला. मी म्हनलो, हिच्या हातात जोर न्हाई, हलक्यातला हलका दाखवा. त्यानं पत्र्यासारखा एक काढला. कांतानं डाव्या हातानं उचलला आन् मान हलवली, न्हाई. दुसरा, न्हाई. तिसरा काउंटरवर ठिवला, बोटानं कडा दाबली, त्यो डुगडुगला, न्हाई. एकाची दांडी हलवून बगितली, खिळा ढिला होता, त्योबी न्हाई. मला घाम फुटला, मी म्हनलो शेट, राग नका धरू. त्यो म्हनला, काका, घेऊ द्या ना त्यांना, कुठं घाई हाय.

मंग तिनं आपल्या हातानं कोपऱ्यातला बिडाचा तवा ओढला. लहान, जाड बुडाचा, दोन्हीकडं कान. मी म्हनलो अगं, ह्यो जड हाय, तुला उचलतोय का. तर तिनं आधी तो हलका तवा काउंटरवर ठिवून एका हातानं उलथनं फिरवल्यावानी केलं, तवाच गरगर फिरला. मंग बिडाच्यावर तसंच केलं. जागचा हलला न्हाई. दुसरा हात धरायला नसंल तर तवा जडच पायजे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती माझ्याकडं बगून, ओठ लय येळ हलवून, म्हनली, ह्यो.

वारं गेल्यापासूनचा पहिला शब्द. ह्यो. मी भर दुकानात रडलो बगा, लाज न्हाई वाटली. दुकानदार म्हनला, काय झालं काका? मी म्हनलो काई न्हाई, बांधा, ह्योच बांधा.

घरी आल्यावर तिनं खुनंनं सांगितलं तसा तवा तेल लावून तापवला, कांद्यानं घासला, असं चार-दोन रोज केलं. मंग तिनं स्टुलावर बसून डाव्या हातानं पीठ सोडलं. पयलं मोडलं. दुसरं अख्खं सुटलं. ते तिनं सगळं खाल्लं, आन् माझा जीव भांड्यात पडला.

आता बरी हाय. हात अजून अर्धाच चालतोय, शब्द अडखळतात, पन भांडन पुरं करती. मी आत गेलो का म्हनती, तुमी मीठ लय टाकता, बाहीर व्हा. मी बाहीर येऊन मशीनवर बसतो, आन् आतून तिची बडबड आयकत टीप मारतो. ह्यापरीस जादा काई नको आमाला. तुमच्याबी घरात असं दटावनारं मानूस देव राखो.