चांगलं नाव ठेवायचं नाय

...अन् वर पोरं मलाच विचारतात, "सर, चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" चालतंय! तुम्हाला सांगतो, या एका शब्दानं माझे केस पिकवले. सिडकोत सारजाबाईंच्या घरावरच्या खोलीत 'उज्ज्वल क्लासेस'चा बोर्ड लावून पोरांना प्रोग्रामिंग शिकवतो मी. कोड लिहायला काय हो, आजकाल फोनला विचारलं तर तोबी लिहून देतो. पण सवय? ती कोण लावणार? मी! वर पत्रा, महिना मे, अन् घसा माझा... कोड येतो हो पोरांना, सवय येत नाय!

आता साधी गोष्ट बघा. प्रोग्राममधल्या प्रत्येक तुकड्याला नीट नाव द्यायचं, उद्या दुसऱ्यानं उघडलं तर त्याला कळलं पायजे. एवढंच ना? तर आमची तनुजा, लई हुशार पोरगी, तिनं नावं काय दिली? क, कक, ककक! म्हणलं, "हे काय गं, खोकला झाला का?" "मला कळतंय ना सर!" "अगं, दिवाळीनंतर तुझं तुलाच कळायचं नाय!" "दिवाळीपर्यंत मला नोकरी लागलेली असंल सर." घ्या!

पण ती परवडली. कडूबा! पिशोरचा. त्यानं काय केलं... थांबा, आधी त्याचा प्रोग्राम सांगतो. आमच्याकडं पाणी कधी येईल हे ब्रह्मदेवालाबी ठाऊक नसतं. म्हणून असं ठरलं, की पाण्याचा वॉल उघडणाऱ्या कारभारीमामांनी फोनवर बटण दाबायचं, अन् गल्लीत घरोघर मेसेज जायचा... 'पाणी आलं'. सारजाबाईंनी बजावलंच, "मास्तर, माझ्या डोक्यावर पोरं नाचवता, तर एवढं करून दावा. अन् पाणी हुकलं ना, तर खोली खाली करायची!" म्हणजे माझा अख्खा क्लास त्या मेसेजवर टांगलेला.

म्हणून उघडून बघितलं. घरोघर मेसेज धाडणारा जो तुकडा, सगळ्याचा जीव, त्याचं नाव काय? 'उकिरडा'! त्याच्या शेजारी 'भंगार', खाली 'मढं'. म्हणलं, "अरे, प्रोग्राम लिहितो का शिव्या घालतो?" तर शांतपणे म्हणतो, "सर, चांगलं नाव दिलं की नजर लागती. आधी चांगलं नाव दिलं होतं, सारखं बंद पडायचं. माझ्या आज्जीनं म्हणूनच तर मला कडूबा केलं. टिकलो का नाय?" पुरावा समोर धडधाकट उभा! कोड येतो हो, सवय येत नाय!

अन् चाललं हो ते! पाणी आलं की मेसेज हजर. गल्ली खूश, सारजाबाई खूश. पण वाळूजच्या एका कंपनीतले साहेब पोरांचं काम बघायला येणार होते, पोरांच्या नोकरीचा सवाल... त्यांना काय उकिरडा दाखवू? आदल्या संध्याकाळी बसलो अन् सगळी नावं बदलली. 'निरोप धाडा', 'घर शोधा', कसं वाचायला गोड! कडूबा म्हणतो, "सर, एकदा चालवून बघा. हात लावला की आधी चालवून बघायचं, तुम्हीच शिकवलंय." "अरे, नुसती नावं तर बदललीत, त्यात बघायचंय काय?" ...हे कोण म्हणलं? मी!

सकाळी कारभारीमामांनी बटण दाबलं... अन् सगळ्यांचे फोन ढिम्म! एका जागी मी नाव बदललं, दुसऱ्या जागी जुनंच राहिलं. प्रोग्राम बिचारा 'उकिरडा, उकिरडा' हाका मारतोय, ओ कोण देणार? उकिरड्याचं मी बारसं करून बसलेलो! सारजाबाईंनी नळ चाचपला. "मास्तर, नळ ओलाय! पाणी येऊन गेलं वो!" अन् त्या रिकामी घागर घेऊन जिना चढतायत, त्यांच्या मागून साहेब, घामाघूम. पहिलं वाक्य काय बोलावं माणसानं? "जरा पाणी मिळेल का?"

तुम्हाला सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडूबानं गुमान बसून जुनी नावं परत घातली, चालवून बघितलं, अन् सगळ्यांच्या खिशात टुणकन वाजलं, 'पाणी आलं'. पाणी नव्हतंच, पण मेसेज आला! साहेबांनी उकिरडा बघितला, पोट धरून हसले, अन् पोराला म्हणतात, "चालवून बघायची सवय आहे तुला, सोमवारपासून ये." सारजाबाई म्हणल्या, "खोली राहू द्या मास्तर. पण तो 'उज्ज्वल क्लासेस'चा बोर्ड आधी काढा. तिथंच नजर लागली."

काढला. आता 'उकिरडा क्लासेस' लिहिलंय. सवय म्हणता? लागली ना, मलाच लागली! कुणी विचारलं, "सर, क्लास कसा चाललाय?" की मी हात झटकून म्हणतो, "कसला क्लास हो, बंदच पडलाय म्हणा ना..." अन् आत पोरांना बसायला जागा नाय!